साहेब गेल्यावर चळवळ कशी टिकते

एखाद्या माणसाच्या शब्दाखातर हजारो लोक कामधंदा सोडून रस्त्यावर उतरतात, पदरमोड करतात, घरच्या देव्हाऱ्याशेजारी त्याची तसबीर लावतात. त्या माणसाकडे ना सरकारी पद असते, ना वडिलोपार्जित गादी, ना पगार वाटण्याची ऐपत. अशा माणसाभोवती जमलेल्या समूहाला करिष्म्यावर उभी राहिलेली चळवळ म्हणतात. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर याने लोक कोणाचे आणि का ऐकतात याचे तीन प्रकार सांगितले: परंपरा म्हणून, कायदा म्हणून आणि त्या व्यक्तीच्या ठायी काही असामान्य आहे असे वाटते म्हणून. हे विवेचन ज्या ग्रंथात सविस्तर आले तो त्याच्या मृत्यूनंतर, १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या दोन गोष्टी आजही उपयोगी पडतात. एक म्हणजे करिष्मा नेत्याच्या अंगात असतो त्यापेक्षा जास्त अनुयायांच्या मान्यतेत असतो. लोकांनी मानणे थांबवले की तो संपतो. दुसरी अशी की तो मुळातच अस्थिर असतो. नेता गेला की चळवळ विरते, नाहीतर रोजच्या व्यवहारात मुरते. पदे, कचेऱ्या, वर्गणी, उत्सव आणि वारस अशा रूपांत ती पुढे जगते.

ही प्रक्रिया जवळून पाहायची तर ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीसारखा दुसरा प्रदेश महाराष्ट्रात सापडणे अवघड आहे. राजकारणातला आणि धर्मकारणातला करिष्मा येथे गेल्या सहा-सात दशकांत शेजारीशेजारी वाढला आणि दोन्हींना नेत्याचा मृत्यू पचवावा लागला.

या भागाची घडण रेल्वेने केली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणला पोचला. मूळची वस्ती आगरी, कोळी, कुणबी, आदिवासी, मुसलमान आणि जुन्या कसब्यातल्या व्यापारी घरांची होती. स्वातंत्र्यानंतर कारखाने आले, मुंबईतल्या जागा परवडेनाशा झाल्या, आणि गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींतली कुटुंबे डोंबिवली-कल्याणकडे सरकली. कोकणातून आणि घाटावरून आलेले लोक वेगळे. २०११ च्या जनगणनेपर्यंत ठाणे शहराची वस्ती अठरा लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची साधारण साडेबारा लाखांवर गेली होती. गावकी आणि भावकी मागे राहिली होती. अडीअडचणीला कोणाचे दार ठोठावायचे, हा प्रश्न नव्या वस्तीत प्रत्येक घरापुढे होता. नगरपालिकेचे दार होते, पण तिथे साहेब जेवायला गेलेले असत आणि उद्या या असे उत्तर मिळे. करिष्म्याची मुळे नेत्याच्या भाषणांपेक्षाही या अडलेल्या दारात शोधावी लागतात.

शिवसेनेची स्थापना १९ जून १९६६ रोजी मुंबईत झाली. तिला पहिली सत्ता मात्र ठाण्याने दिली. १९६७ च्या नगरपालिका निवडणुकीत चाळीसपैकी सतरा जागा जिंकून सेनेने वसंतराव मराठे यांना नगराध्यक्ष केले. पुढच्याच वर्षी सेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यावरच्या देवीच्या पूजेच्या वादात उतरले. बाळासाहेबांचा करिष्मा लेखणीत, व्यंगचित्रात आणि शिवाजी पार्कवरच्या भाषणात होता, हे खरे आहे आणि ते अनेकांनी लिहिले आहे. पण वर्षातून एकदा होणाऱ्या दसरा मेळाव्याने डोंबिवलीतल्या नळाला पाणी येत नाही. ते काम शाखेने केले. भगवा झेंडा, बाहेर फळा, आत एक टेबल आणि संध्याकाळी सातनंतर हजर असणारा शाखाप्रमुख, एवढ्या भांडवलावर शाखा चाले. रुग्णवाहिका, रक्तदान, वह्यावाटप, शाळेचा प्रवेश, घरमालकाशी भांडण, नवऱ्याची दारू असे विषय तिथे येत. गटप्रमुख, शाखाप्रमुख, शहरप्रमुख, जिल्हाप्रमुख ही उतरंड बाळासाहेबांच्या शब्दाला रोजच्या कामाचे रूप देत होती. वेबरने ज्याला करिष्म्याचे नित्यव्यवहारात रूपांतर म्हटले ते येथे नेत्याच्या हयातीतच सुरू झाले होते.

या उतरंडीच्या मधल्या पायरीवरच आनंद चिंतामणी दिघे हे एक स्वतंत्र करिष्म्याचे केंद्र उभे राहिले. १९८४ पासून ते सेनेचे ठाणे जिल्हाप्रमुख होते. त्यांनी स्वतः एकही निवडणूक लढवली नाही. नगरसेवक, महापौर, आमदार, खासदार त्यांच्या शब्दावर ठरत. १९९६ मध्ये युतीतली ठाण्याची लोकसभेची जागा भाजपकडून सेनेकडे आली आणि प्रकाश परांजपे निवडून आले, त्यामागे दिघ्यांचा आग्रह होता. त्याआधी राम कापसे दोनदा तिथून भाजपतर्फे निवडून आलेले होते, ही गोष्ट ध्यानात घेतली की त्या आग्रहाचे वजन कळते.

टेंभी नाक्यावरच्या आनंद आश्रमात त्यांचा दरबार भरे आणि रात्री उशिरापर्यंत चाले. गाऱ्हाणे घेऊन आलेल्या माणसाला तिथे अर्ज लिहावा लागत नसे. त्याने तोंडाने सांगायचे, साहेबांनी ऐकायचे, आणि तिथेच कोणाला तरी हाक मारून काम सोपवायचे अशी रीत होती. सासरी छळ होणारी मुलगी, पैसे बुडवलेला गाळेधारक, रुग्णालयात खाट न मिळालेला रोगी, सगळ्यांना तोच न्याय. निकाल तत्काळ मिळे, आणि अंमलबजावणीला कार्यकर्ते असत. राखीपौर्णिमेला बायकांची रांग लागे. लग्न, संसार, मालमत्ता काही नसलेला हा माणूस ठाणेकरांच्या भाषेत ‘साहेब’ होता आणि बायकांचा भाऊ होता. निःसंग जगणे हा भारतातल्या राजकीय करिष्म्याचा फार जुना पाया आहे. ज्याला स्वतःसाठी काही नको त्याच्या हाती आपला प्रश्न द्यायला लोक कचरत नाहीत.

त्या दरबाराची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. तत्काळ न्यायाला अपील नसते. ज्याच्याविरुद्ध निकाल गेला त्याने कुठे जायचे, याचे उत्तर तिथे नव्हते. १९८९ मध्ये ठाण्याच्या महापौर निवडणुकीत सेनेची मते फुटली, त्यानंतर एका नगरसेवकाचा खून झाला आणि दिघ्यांना टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक झाली. ते जामिनावर सुटले, आणि खटल्याचा निकाल त्यांच्या हयातीत लागला नाही. या काळात त्यांची लोकप्रियता घटण्याऐवजी वाढली. डॅनिश मानववंशशास्त्रज्ञ थॉमस ब्लोम हान्सेन यांनी नव्वदच्या दशकात ठाण्यातल्या सेनेचा जवळून अभ्यास केला. मदत आणि दरारा या दोन्हींवर ही सत्ता उभी आहे, असे चित्र त्यांच्या लेखनातून दिसते. मदतीची आठवण ठेवून दराऱ्याची विसरणे किंवा त्याच्या उलट करणे, दोन्हीमुळे ठाण्याचा इतिहास अर्धवट राहतो.

दिघ्यांनी शहराला एक नवे पंचांगही दिले. टेंभी नाक्याची नवरात्रातली दुर्गेश्वरी, दहीहंडी आणि माघी पौर्णिमेची मलंगगडाची यात्रा या तिथी वर्षानुवर्षे ठरलेल्या झाल्या. त्यांतली शेवटची जरा थांबून पाहण्यासारखी आहे, कारण कल्याणच्या दक्षिणेचा तो डोंगर स्वतःच करिष्मा किती काळ टिकू शकतो याचा दाखला आहे. गडावर हाजी अब्दुल रहमान, म्हणजे मलंगबाबा, यांचा दर्गा आहे अशी एक श्रद्धा, ती नाथपंथी मच्छिंद्रनाथांची समाधी आहे अशी दुसरी. १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरने नोंदवलेल्या कथेनुसार इंग्रजांची फौज १७८० च्या सुमारास या भागात आली आणि दोनेक वर्षांनी निघून गेली. तो बाबांचा प्रताप मानून पेशव्यांनी कल्याणच्या काशिनाथपंत केतकरांकरवी तिथे भरजरी चादर पाठवली. तेव्हापासून ब्राह्मण केतकर घराण्याकडे या स्थानाची वहिवाट आली. या न्यासाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्याचा निकाल १९५४ मध्ये लागला. बाबांचे चरित्र, काळ, मूळ देश यांबद्दल पक्के सांगता येईल असे थोडेच आहे. तरीही यात्रा शतकानुशतके भरते, हिंदू आणि मुसलमान दोघेही चढण चढतात. संताचा देह गेला, पण जागा, तिथी आणि वहिवाटदार हे तिन्ही राहिले. ऐंशीच्या दशकात दिघ्यांनी गडाच्या मुक्तीचे आंदोलन सुरू केले तेव्हा या साठलेल्या श्रद्धेलाच त्यांनी एका बाजूने हात घातला. सामाईक देवस्थान वादाचे ठिकाण झाले. पौर्णिमेला तिथे पोलीस बंदोबस्त लागू लागला, हे त्या आंदोलनाचे मोजावे लागणारे मोल आहे.

ऑगस्ट २००१ मध्ये, गणेशोत्सवात, दिघ्यांच्या गाडीला अपघात झाला आणि २६ तारखेला ठाण्याच्या सिंघानिया रुग्णालयात हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. पन्नाशीच्या आसपासचे वय होते. बातमी कळताच जमावाने ते रुग्णालय जाळले. रोग्यांना जीव मुठीत धरून बाहेर काढावे लागले. ज्या माणसाच्या दारात लोक रुग्णालयातली खाट मिळवून द्या म्हणून येत, त्याच्या शोकात शहराने चालते रुग्णालय गमावले. हा प्रसंग ठाण्याच्या इतिहासातला कलंक आहे, आणि तो कोणत्याही भक्तीच्या नावाखाली झाकला जाऊ नये.

नेता असा अचानक जातो तेव्हा वारसा एकाच व्यक्तीकडे जात नाही, तो विखुरतो. जिल्हाप्रमुखपद पुढे एकनाथ शिंदे यांच्याकडे आले. १९९७ मध्ये नगरसेवक झालेले शिंदे २००४ मध्ये आमदार झाले. त्यांनी आनंद आश्रमात बसणे, टेंभी नाक्याचा उत्सव चालवणे आणि रात्री उशिरापर्यंत गाऱ्हाणी ऐकणे चालू ठेवले. त्यांचे पुत्र श्रीकांत २०१४ पासून कल्याणचे खासदार आहेत. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेबही गेले. जून २०२२ मध्ये पक्ष फुटला, शिंदे मुख्यमंत्री झाले, आणि १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण ही निशाणी त्यांच्या गटाला दिली. पण आयोगाच्या निकालाआधीच खरा तंटा स्थावर आणि पंचांगाचा झाला होता. दसरा मेळावा कोणाचा, शाखेची चावी कोणाकडे, टेंभी नाक्यावर कोणी बोलायचे, हे प्रश्न होते. डोंबिवलीच्या मध्यवर्ती शाखेत भिंतीवर कोणाचे छायाचित्र राहावे यावरून दोन गट भिडले. २०२२ च्या दसऱ्याला शिवाजी पार्क आणि वांद्रे-कुर्ला संकुल असे दोन मेळावे झाले. दिघ्यांवरचा ‘धर्मवीर’ हा चित्रपट फुटीच्या जेमतेम महिनाभर आधी, मे २०२२ मध्ये प्रदर्शित झाला होता. पुढे २०२४ च्या लोकसभेला ठाण्यात नरेश म्हस्के आणि राजन विचारे समोरासमोर उभे राहिले. दोघेही स्वतःला दिघ्यांचे शिष्य म्हणवत होते. म्हस्के जिंकले.

धर्माच्या क्षेत्रात याच पट्ट्यात दोन मोठ्या चळवळी रुजल्या. त्यांतली पहिली श्री बैठक. अलिबाग तालुक्यातल्या रेवदंड्याचे नारायण विष्णू तथा नानासाहेब धर्माधिकारी यांनी १९४३ मध्ये दासबोधाच्या निरूपणाला सुरुवात केली. रायगड, ठाणे, मुंबईतल्या आगरी, कोळी, कुणबी वस्त्यांत ती पसरली. ‘बैठकीला जातो’ हे वाक्य कल्याणच्या आसपासच्या गावांत माणसाच्या वागण्याचे प्रमाणपत्र मानले जाते. ज्या घरातला कर्ता बैठकीला लागला त्या घरातली दारू सुटली, असे लोक सांगतात. चळवळ टिकण्याचे गुपित तिच्या साध्या चौकटीत आहे. ठरलेला वार, ठरलेली वेळ, पुरुषांची, स्त्रियांची आणि मुलांची वेगळी बैठक, समोर एकच ग्रंथ आणि बोलणारा आपल्यातलाच प्रशिक्षित माणूस. गुरू प्रत्यक्ष हजर असण्याची गरज उरत नाही. २००८ मध्ये नानासाहेब गेले तेव्हा त्यांचे पुत्र आप्पासाहेब यांच्याकडे निरूपणाचे काम आधीपासूनच आलेले होते. वृक्षारोपण, विहिरी उपसणे, शहर झाडणे ही कामे करणारे बैठकीचे अनुयायी, म्हणजे श्रीसदस्य, आज ठाणे-कल्याणच्या रस्त्यांवर हाती खराटा घेऊन दिसतात. राजकीय पक्षात जे वारसाचे भांडण झाले ते इथे झाले नाही, कारण गादी एका घरात राहिली आणि वाटून घ्यायला सत्तेची पदे नव्हती.

पण गर्दी आहे तिथे सत्ता येतेच. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर आप्पासाहेबांना महाराष्ट्रभूषण पुरस्कार देण्यात आला. लाखो श्रीसदस्य भर दुपारच्या उन्हात शिस्तीने बसले होते. उष्माघाताने चौदा जणांचा मृत्यू झाला. जी शिस्त या चळवळीचे बळ आहे तिनेच त्या दिवशी माणसांना उठून सावलीत जाऊ दिले नाही. लोकांना उन्हात बसवणाऱ्या आयोजनाची जबाबदारी त्या शिस्तीवर ढकलता येत नाही. ती सरकारी समारंभाच्या आयोजकांचीच होती.

दुसरी चळवळ स्वाध्यायाची. रोह्यात १९२० मध्ये जन्मलेले पांडुरंगशास्त्री आठवले, अनुयायांचे ‘दादा’, मुंबईच्या माधवबाग पाठशाळेत गीतेवर प्रवचने देत. १९५६ मध्ये त्यांनी ठाण्याला तत्त्वज्ञान विद्यापीठ काढले. त्यांचे स्वाध्यायी आपल्या खर्चाने, आपली शिदोरी घेऊन, भावफेरी आणि भक्तिफेरी करत गावोगाव गेले. कोणाकडे पाणीसुद्धा मागायचे नाही असा दंडक होता. कोळ्यांनी सामाईक होडी पाळीपाळीने चालवायची, तिचे उत्पन्न कोणाच्याही मालकीचे नाही, अशी ‘मत्स्यगंधा’ आणि तशीच शेतातली ‘योगेश्वर कृषी’ ही त्यांची कल्पना. भक्तीला उत्पादक श्रमाची जोड देणारा हा प्रयोग विसाव्या शतकातल्या भारतातल्या सर्वांत मौलिक सामाजिक कल्पनांपैकी एक आहे. १९९६ मध्ये मॅगसेसे आणि १९९७ मध्ये टेम्पलटन पुरस्कार त्यांना मिळाला. २५ ऑक्टोबर २००३ रोजी दादा गेले, आणि त्यांच्यावर ठाण्याच्या विद्यापीठातच अंत्यसंस्कार झाले. त्यांची मानसकन्या जयश्री तळवलकर, म्हणजे ‘दीदी’, यांच्याकडे नेतृत्व आले. उत्तराधिकारावरून काही जुने सहकारी दुरावले, तरी आठवड्याचे स्वाध्याय केंद्र आणि भावफेरी थांबली नाही. दादा, दीदी, साहेब, आप्पासाहेब: अनोळखी शहरात आलेल्या माणसाला या हाकांनी पुन्हा एक कुटुंब दिले.

करिष्मा असूनही चळवळ विरण्याचे उदाहरण याच गिरणगाव-ठाणे पट्ट्यात आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. १९८४ च्या काँग्रेस लाटेतही डॉक्टर लोकसभेवर निवडून आले. पण गिरण्या बंद पडल्या, कामगार गावाला किंवा डोंबिवली-बदलापूरकडे पांगले. १६ जानेवारी १९९७ रोजी डॉक्टरांचा खून झाला, तोवर त्यांच्या अनुयायांचे एकत्र येण्याचे ठिकाणच नाहीसे झाले होते. गिरणीचे फाटक गेले की तिथली द्वारसभाही जाते. पगारवाढीच्या आश्वासनाला ना तिथी असते ना देवस्थान.

काहींनी हा धोका आधीच ओळखला. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने व्यक्तीला गुरू न मानता भगव्या ध्वजाला गुरू मानले, आणि डोंबिवलीसारख्या शहरात तो पिढ्यानपिढ्या टिकला. वारकऱ्यांनी त्याच्या कितीतरी आधी तेच साधले. १२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली, तरी वारीला जिवंत गादीची गरज पडली नाही. माळ, दिंडी आणि एकादशी पुरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची चळवळ या बाबतीत फार बोलकी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षा आणि ६ डिसेंबरचे महापरिनिर्वाण यांत दोन महिनेही नव्हते. पुढच्या वर्षी स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष काही वर्षांतच फुटला, आणि फुटतच राहिला. उलट बुद्धविहार, बावीस प्रतिज्ञा आणि चैत्यभूमीची सहा डिसेंबरची गर्दी मात्र वाढत गेली. पद एकाला मिळाले की दुसऱ्याला मिळत नाही; पुण्यतिथीला कितीही लोक येऊ शकतात. पक्ष फुटतात आणि पंथ टिकतात याचे मुख्य कारण हे आहे.

खुद्द बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत इशारा दिला होता की धर्मातली भक्ती आत्म्याला मुक्तीकडे नेऊ शकेल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. ठाणे-कल्याणचा अनुभव त्या इशाऱ्याला बळ देतो आणि त्यात एक भरही घालतो. येथे लोक भक्तीच्या आधी गाऱ्हाणे घेऊन आले होते. ज्या दिवशी नगरपालिकेच्या खिडकीवर काम झाले असते त्या दिवशी ते दरबारात गेले नसते.

आनंद आश्रमात, शाखांत, बैठकींत आणि केंद्रांत ज्यांनी रोजचे काम केले ती माणसे आज साठी-सत्तरी ओलांडत आहेत. दिघ्यांवर गौरवग्रंथ झाले, चित्रपट झाले, आरोपही झाले. पण रात्री अकरा वाजता कोण काय गाऱ्हाणे घेऊन येई आणि त्याचे काय होई, हे सांगणाऱ्या साध्या कार्यकर्त्याच्या आठवणी, तसेच ज्याच्याविरुद्ध निकाल गेला त्याच्या आठवणी, पद्धतशीर नोंदवायला हव्यात. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आहे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून. या दोन संस्थांनी ते काम हाती घ्यावे, आणि ज्यांच्या घरी जुनी पत्रके, चिठ्ठ्या, वर्गणीच्या पावत्या पडल्या असतील त्यांनी त्या रद्दीत न घालता तिथे नेऊन द्याव्यात.